टाळूचं तेल

॥ श्री ॥
नालवाडी, वर्धा
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रेरणा हिला आत्याचे आशीर्वाद.

तीन वर्षांनी लिहिते आहे. उज्वलाच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून घेतली आहेत. मागच्या बाजूला तिची गणितं दिसतील, तिकडे लक्ष देऊ नकोस.

परवा भाऊबीजेला दादा आला होता. तुझ्या बाबांचे केस सगळे पांढरे झालेत. तू रोज पाहतेस म्हणून तुला जाणवत नसेल. ओवाळताना निरांजनातलं तूप पाटावर सांडलं. जेवण झालं, सुपारी कातरत बसला आणि मग म्हणाला, "कुसुम, तुही उज्वला आमच्या हेमराजले दे. झालं गेलं त्याच्यावर पाणी सोडू."

तुला खोटं कशाला सांगू, मी आत जाऊन देवापुढे बसले आणि रडले. तुझं माहेर तेच माझं माहेर. तू नीरजला सोडून तळेगावला जाऊन राहिलीस, तेव्हापासून मला त्या दारात उभं राहायला तोंड नाही. आईचा फोटो तुमच्या बैठकीत आहे. तीन वर्षं मी त्याला हार घातला नाही.

आपल्यात मामाची पोरगी करतात, आत्याची करत नाहीत, असं आमचे हे म्हणाले. पण एक पोरगी इकडे आली आणि एक तिकडे गेली तर ते साटंलोटं होतं, आणि ते चालतं. तुला तर तू पाळण्यात असतानाच मी मागितलं होतं. वहिनीला म्हटलं होतं, ही माझ्या नीरजची, भावाच्या पोरीवर पहिला हक्क बहिणीचा. वहिनी हसल्या होत्या. आपल्या घरात चार पिढ्या असंच चालत आलं. परक्या घरची पोरगी आणली की तिला आपलं मीठ किती लागतं ते शिकवण्यात वर्ष जातं. तुला काही शिकवावं लागलं नाही.

आता अडलंय ते हेमराजपाशी. तो म्हणतो, ताई हो म्हणेल तरच मी पाटावर बसीन. म्हणून हे पत्र. तू फक्त हो म्हण.

खुशी गेली त्याच्या पाचव्या दिवशी बायका भेटायला आल्या होत्या, तेव्हा माझ्या तोंडून तुझ्या दुधाबद्दल जे गेलं ते दुःखात गेलं. माझी पहिली नात होती ती. दुःखात माणूस काहीही बोलतं. एवढं मनात धरून ठेवायचं नसतं.

उज्वला बरी आहे. तुझी आठवण काढते. नीरज दुकानात बसतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

तुझी,
आत्या


॥ श्री ॥
नालवाडी
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रेरणा,

दहा दिवसांपूर्वी हेमराज फुलकोबीची गाडी घेऊन वर्ध्याला आला होता, तो घरी येऊन गेला. बस म्हटलं तर बसला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "आत्या, ताईनं पत्राचं उत्तर नाई देल्लं. फक्त एक विचारून ये म्हणे. दुधाचं तुले खरंच वाटत होतं का?"

मी त्याला चहा घे म्हटलं. तो म्हणाला, "आधी सांग." मी म्हटलं, लिहून कळवीन.

तेव्हापासून एकादशी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि माझा जप रोज मध्येच तुटतो आहे.

नाही. मला दुधाचं खरं वाटत नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

आता जे लिहिते ते मी देवासमोरही मोठ्यानं बोलले नाही. खुशीची टाळू रोज मी भरत होते, तुला आठवत असेल. घाण्याचं तिळाचं तेल, कोमट करून, एक पळी. माझ्या आईनं सांगितलं होतं, टाळू भरली की पोराचा मेंदू भरतो. तू एकदा म्हणाली होतीस, "आत्या, आज मी लावू का?" मी म्हटलं होतं, "तुह्या हाताले अजून अंदाज नाई. टाळू हे पोरखेळाचं काम नाई." तू पुन्हा कधी विचारलं नाहीस.

पाचव्या महिन्यापासून ती दचकायला लागली. वाटी खाली पडली तरी दोन्ही हात फाकायची. मी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. केळझरच्या गणपतीला नवस बोलले. मग तिची मान धरेनाशी झाली, बसायला लागली होती तेही गेलं. सगळं जग तेव्हा बंद होतं, डॉक्टर फोनवर भेटायचे. मला वाटलं मेंदूला तेल कमी पडतंय. मी एका पळीच्या दोन पळ्या केल्या.

नंतर आपण नागपूरला गेलो. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात उजेड टाकून पाहिला, रक्त काढलं, आणि पुढच्या खेपेला सांगितलं की हिच्या मेंदूच्या पेशींमध्ये चरबी साठत चालली आहे. त्यापुढे ते खूप वेळ बोलत होते. तू आणि नीरज ऐकत होता. मी तेवढंच ऐकलं. माझ्या पिशवीत तेव्हा तेलाची वाटी होती, प्रवासात तिची टाळू कोरडी राहू नये म्हणून घेतली होती.

घरी आल्यावर मी वही काढली. तेल कधी किती आणलं ते माझ्या वहीत असतंच. अंगाला लावायचं वजा केलं आणि टाळूचं मोजलं. दोन किलोला थोडं कमी भरलं. एवढं तेल मी एवढ्याशा पोरीच्या डोक्यात घातलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या टाळूला हात लावला नाही. तू काऊन म्हणून विचारलंस, मी म्हटलं आता मोठी झाली.

त्या पाचव्या दिवशी बायका बसल्या होत्या, आणि कोणीतरी म्हणालं की मेंदूत चरबी झाली म्हणे पोरीच्या. आता यांच्यातली एक विचारणार, टाळू कोण भरत होतं? कोणी विचारायच्या आत मी बोलले. म्हटलं, "आईचं दूधच जड होतं, त्याले पोरगी काय करन."

तू भिंतीला टेकून बसली होतीस. उठून आत गेलीस. दुसऱ्या दिवशी दादा गाडी घेऊन आला.

हे वाचून तू हेमराजला नाही म्हणायला सांगशील हे मला माहीत आहे. पण तू विचारलंस, म्हणून लिहिलं. तुझ्या मुलीला मी मारलं. जाणूनबुजून नाही, पण माझ्याच हातानं. आणि आळ तुझ्यावर टाकला.

आत्या


॥ श्री ॥
नालवाडी
८ डिसेंबर २०२४

प्रेरणा,

तुझी चार पानं हेमराजनं दिली. तू आता आष्टीला शाळेत विज्ञान शिकवतेस हे त्याच्याकडूनच कळलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं मोठं झालंय तुझं.

पहिल्या पानावर तू एकच ओळ लिहिलीस. "आत्या, टाळूचं तेल मेंदूत जात नाही." ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

बाकीचं समजायला मला चार दिवस लागले. दहावीला पेशी होती आम्हाला, पण ती नुसती गोल काढून रंगवायची होती. तू काढलेली आकृती मी देवघराच्या फळीला टेकवून ठेवली होती आणि पोळ्या लाटता लाटता पाहत होते. एक डोकं, त्याला दोन शेपट्या. तू लिहितेस की प्रत्येक पेशीला एक पातळ पापुद्रा असतो, प्रद्रव्यपटल, आणि तो अशाच मेदाच्या कणांचा बनलेला असतो. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना आवडत नाही. पेशीच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. म्हणून ते कण दोन रांगांत उभे राहतात, डोकी पाण्याकडे आणि शेपट्या एकमेकांकडे. कोणी शिवत नाही, कोणी चिकटवत नाही. पाण्यापासून शेपट्या लपवायच्या म्हणून धरून राहतात.

मी परातीत पाणी घेऊन त्यावर तेल टाकून पाहिलं. बोटानं फाडलं तर पुन्हा जुळतं. तू लिहिलंस की हे अगदी तसं नाही, पण जुळण्याचा गुण तोच. आणि तो पापुद्रा काय आत येऊ द्यायचं, काय नाही, ते ठरवतो. थंडीत त्यानं तुपासारखं थिजू नये आणि उन्हात जवसाच्या तेलासारखं पातळ होऊ नये, म्हणून मध्ये मध्ये कोलेस्टेरॉल उभं असतं. मी इतकी वर्षं त्याला नुसतं वाईट समजत होते. ह्यांच्या ताटातलं तूप कमी केलं होतं.

मेंदूच्या पेशींच्या पापुद्र्यावर बाहेरून एक वेगळा मेद असतो, त्याच्या टोकाला साखर. त्यावरून पेशी एकमेकींना ओळखतात, हेही कळलं. तो शरीर स्वतः घडवतं, माझ्या पळीतून येत नाही. जुना झाला की त्याचे तुकडे करून टाकायला पेशीत एक पिशवी असते, लयकारिका, आणि तिच्यात विकर असतं. तू त्याला कात्री म्हटलंस. खुशीला ती कात्रीच नव्हती. नवा मेद रोज घडत होता, जुना रोज पिशवीत पडत होता, आणि काढायला कोणी नाही. पिशव्या फुगल्या. पेशी फुगल्या. आवाजाला दचकणं त्यातूनच. डॉक्टरांना डोळ्यात जो लाल ठिपका दिसला तोही त्यातूनच. कडेच्या पेशी मेदानं भरून पांढुरक्या झाल्या, आणि मधली जागा तेवढी लाल राहिली.

इथपर्यंत वाचून मी दिवा लावला आणि तुझ्या नावानं नमस्कार केला. माझ्या छातीवरचा दगड तू उचललास. तुला तो उचलायचं काही कारण नव्हतं.

मग चौथं पान.

तू लिहितेस, ती कात्री कशी घडवायची ते जनुकात लिहिलेलं असतं, त्याची एक प्रत आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं, माणसाला कळतही नाही. खुशीला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या. एक तुझ्याकडून, एक नीरजकडून. तुला ती तुझ्या बाबांकडून आली, नीरजला माझ्याकडून. आणि दादाला आणि मला एकाच घरातून. हेमराजनं गुपचूप तपासून घेतलं, त्याच्यातही एक आहे. उज्वलाचं रक्त तपासा, मगच पुढे बोला.

हे तुला लिहायला नको होतं. चार पिढ्या आपण मामाच्या पोरी केल्या. माझ्या आजीला तिच्या आत्यानंच सून करून आणलं होतं. सगळ्यांची पोरं चांगली धडधाकट. आमच्या घरात असलं काही नव्हतं, नाही, आणि कोणाला म्हणू देणार नाही. तुला हे लग्न मोडायचंय, तर तसं सांग. माझ्या आईला मध्ये ओढू नको.

आत्या


॥ श्री ॥
नालवाडी
१६ जानेवारी २०२५

प्रेरणा,

मागचं पत्र रागात गेलं. त्यानंतर महिनाभर लिहिलं नाही.

पत्र टाकून आले आणि संध्याकाळी भाजी निवडताना उज्वलाच्या हातून झाकणी पडली. मी सहज म्हटलं, "सांभाळ, भांडंभित्र्या जागं होईन." ती म्हणाली, "कोण भांडंभित्र्या?" हा शब्द मी चाळीस वर्षांत उच्चारला नव्हता.

दादा आणि मी, आमच्यामध्ये एक भाऊ झाला होता. त्याचं नावही पक्कं ठेवलं नव्हतं. भांडं वाजलं की दोन्ही हात फाकायचा, म्हणून आई त्याला भांडंभित्र्या म्हणायची. घरात सगळे हसायचे, कोणी पाहुणा आला की मुद्दाम वाटी वाजवून दाखवायचे. त्याची मान धरत नव्हती. आई त्याची टाळू भरायची. दोन वर्षांचा होऊन गेला. नंतर मी झाले. आई मला सांगायची तेव्हा मी लहान होते, आणि ती हसत सांगायची.

आपल्या घरात त्या आजाराला नाव होतं, प्रेरणा. लाडाचं नाव होतं. खुशी हात फाकायची तेव्हा ते मला आठवायला पाहिजे होतं. आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही, ते देवाला माहीत.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं की उज्वलाला घेऊन केळझरला जाते. नागपूरला गेले. देवाच्या नावावर खोटं बोलले, त्याचं प्रायश्चित्त घेईन. तू लिहून दिलेल्या ठिकाणीच गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं तुझ्याएवढ्या. उज्वलाचं रक्त घेतलं आणि मला विचारलं, घरात नात्यात लग्नं होतात का? मी म्हटलं, होतात. त्या काही रागावल्या नाहीत. मी म्हटलं, "बाई, मग देवानं एवढे दिवस काऊन चालू देलं?" त्या म्हणाल्या, दोघांतही तीच बिघडलेली प्रत असली तरी दर खेपेला चारात एकदाच असं होतं. म्हणून तीन वेळा चांगलं होतं आणि लोक विसरतात.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी कागद आला. उज्वलात आहे.

तिला मी सांगितलं. वाण लुटायला काढलेल्या वाट्या पुसत होती. तिनं पुसणं थांबवलं नाही. म्हणाली, "हेमराजमधी हाय, हे प्रेरणावहिनीनं सांगतलं होतं ना तुले." मी हो म्हटलं. "मंग आता काय राह्यलं." डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की परक्या घरात दिली तर तिच्या पोरांना जवळजवळ भीती नाही. हे सांगितल्यावर ती रडली. हेमराज तिला आवडत होता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ह्यांना रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. हे म्हणतात, कागदाचं कोणाला बोलायचं नाही, लोक म्हणतील पोरीच्या रक्तात खोट आहे, मग कोण करेल. पत्रिका जुळली नाही म्हणून मोडू. वसंत पंचमीला दादा लोक बैठकीला येणार आहेत, तेव्हा गुरुजींकडून वदवून घेऊ. सोपं आहे. कोणाला काही लागणार नाही, आणि दादाही यायचा थांबणार नाही.

मी ह्यांना ताट वाढलं.

आत्या


॥ श्री ॥
नालवाडी
४ फेब्रुवारी २०२५

प्रेरणा,

हेमराजनं सांगितलंच असेल, पण मी माझ्या तोंडानं सांगते.

बैठकीला दादा, वहिनी, तुझे काका, चार सोयरे आले होते. आमच्याकडूनही बायका होत्या. त्यातल्या चौघीजणी त्या पाचव्या दिवशी होत्या, मी मुद्दाम मोजल्या. गुरुजींनी पत्रिका उघडली आणि ह्यांच्याकडे पाहून म्हणाले, जरा अडचण दिसते. दादा लगेच म्हणाला, "अडचण असन तर शांती करू. घरचंच तर हाय."

त्याचा चेहरा असा होता की शांती करून त्याला हे घर पुन्हा जोडायचंच आहे. मला वाटलं, बोलू नये. पत्रिकेचं गुरुजी बघतील, आणि पुढच्या भाऊबीजेला हा पुन्हा येईल.

मग मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं. "पत्रिकेत काही नाई. हे लगन होणार नाई. उज्वलातही आहे अन् हेमराजमधीही, खुशीले जे झालं ते यांच्या पोराले होऊ शकते." आणि त्या बायकांकडे पाहून म्हटलं, "प्रेरणाच्या दुधात काहीच नव्हतं. मी खोटं बोलली. ते आमच्या घरातून आलं. माह्या आईचं एक पोर यातच गेलं."

दादानं टोपी गुडघ्यावर ठेवली होती, ती डोक्यावर घातली. म्हणाला, "आईले मरून बावीस वर्षं झाली. तिच्या नावाले आता बट्टा लावला तू. माह्या दाराची पायरी तुह्यासाठी संपली, कुसुम."

तेव्हा नीरज दुकानाच्या दारातून आत आला. तो तिथं उभा आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, "मामा, माह्यातही हाय. डॉक्टरनं तेव्हाच सांगतलं होतं, दोघांतूनही आलं म्हणून. मायनं दुधाचं म्हटलं तेव्हा मी तिथंच बसलो होतो. मी नाई बोललो." एवढं बोलून तो पुन्हा बाहेर गेला. बाकी लोकांना चहा घ्यायचा की नाही ते कळेना.

वहिनी जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं काही कठोर बोलतील. म्हणाल्या, "हे तीन वर्षांआधी बोलल्या असत्या, तर माही पोरगी घरातल्या घरात तरी हसली असती."

ट्रेमधला चहा सगळा परत आला. फेकायला जीव होईना, पण कोणी पिण्यासारखा राहिला नव्हता. झाडाला टाकला.

नीरज तळेगावला येऊन तुला भेटायचं म्हणतो. मी त्याला जा म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. येऊ द्यायचं की नाही ते तू ठरव. तू दुसरं घर केलंस तरी माझा आशीर्वाद आहे, आणि तो मागायला तुला इकडे यायची गरज नाही.

तुझ्याकडे मला आता काही मागायचं नाही.

आत्या


नालवाडी
२० फेब्रुवारी २०२५

प्रेरणा,

हेमराज आज फक्त चिठ्ठी देऊन गेला. घडी उघडायला मी तासभर घाबरत होते. तू दोनच ओळी लिहिल्यास. "खुशीची टाळू हाताला कशी लागायची ते लिही. मला कधी लावू दिली नाहीस."

लिहिते.

आंघोळीच्या आधी मी तिला पायांवर आडवी घ्यायची, डोकं माझ्या पावलांकडे. वाटी उन्हात ठेवून तेल कोमट केलेलं असायचं. मधली दोन बोटं बुडवून टाळूवर ठेवली की आधी केस लागायचे, विरळ, कापसाच्या बोंडातल्यासारखे. त्याखाली खोलगट जागा. माझ्या अंगठ्याएवढी असेल, चौकोनी, एक कोपरा कपाळाकडे. तिथं हाड नाही हे बोटाला लगेच कळायचं. खूप मऊ, पण नुसती मऊ नाही, खालून काहीतरी वर यायचं आणि जायचं. चिमणीचं पिल्लू मुठीत धरलं की त्याचं काळीज जसं उडतं तसं. तेल त्या खोलगट जागेत थांबायचं आणि त्या उडण्याबरोबर हलायचं. मी ते मुरेपर्यंत बघत बसायची. मला वाटायचं आत जातंय. ते केसांत आणि कातडीवरच पसरत होतं, हे आता कळलं.

कोमट होती ती जागा. तापात नाही, तशीच. रोजची.

आणखी एक सांगायचं आहे, ते कोणालाच सांगितलं नाही. ती सगळ्या आवाजांना दचकायची. तू भांडी कशी हळू ठेवायचीस ते मी पाहत होते, झाकणीखाली फडकं ठेवायचीस. पण माझा हात टाळूवर असला की ती दचकत नव्हती. बाहेर फटाका फुटला तरी नाही. एकदा माझ्याच हातून पळी पडली, फरशीवर केवढी वाजली. तिनं नुसतं डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं. मी हात काढला की मग पुन्हा दचकायची.

नागपूरहून आल्यावर मी तेल बंद केलं, आणि तेलाच्या भीतीनं हातही काढून घेतला. ती त्यानंतर वर्षभर होती. वर्षभर दचकत होती.

तेल नको होतं तर नको. कोरडा हात तरी ठेवायला पाहिजे होता, प्रेरणा.

आत्या